यलमलमचा भोंगा

बारा हंगाम मी माणसांना मक्केच्या वाटेवर पोचवत राहिलो, पण मक्का काही पाहिली नाही. पाहणार कशी? मुसलमानाखेरीज तिथे कोणाला प्रवेश नाही, आणि मी चौलच्या सुपारीच्या वाडीत वाढलेला हिंदू. मुंबईहून जेद्द्याला हाजी नेणाऱ्या आगबोटीवर मी कंपाउंडर होतो. आमची बोट जेद्द्याच्या बंदरात उभी राहायची, माणसं गाठोडी घेऊन उतरायची, आणि महिना-दीड महिन्यानं त्यातलीच माणसं परत चढायची. मधल्या दिवसांत त्यांचं काय झालं, ते मला दिसत नसे. म्हणून मी विचारायचो. मला ती खोडच होती.

कंपाउंडर म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. डॉक्टर तपासायचे, चिठ्ठीवर दोन ओळी खरडायचे. पुढचं सगळं माझं. खलात पुडी घोटायची, मिक्श्चर ढवळायचं, बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी डकवायची म्हणजे एका वेळी किती घ्यायचं ते अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं, जखमा धुवायच्या, सुया उकळायच्या. दवाखान्याला अर्धं दार होतं. त्याच्यावरून डोकं बाहेर काढून रांगेतल्या माणसाला मी विचारायचो, "काय होतंय?" माझा अनुभव असा, की खरं दुखणं त्या अर्ध्या दाराशीच कळतं. डॉक्टरसमोर माणूस सावरून बसतो.

मुसलमानी वर्ष चंद्रावर चालतं, त्यामुळे हज दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. मी बोटीवर लागलो तेव्हा ती भाद्रपदाच्या सुमाराला होती. पाच-सहा वर्षांत ऐन पावसाळ्यात आली. आषाढातला अरबी समुद्र ज्यानं पाहिला नाही त्याला मी काय सांगू! हजाराच्या वर माणसं, बरीचशी म्हातारी, जन्मात पहिल्यांदा बोटीवर चढलेली, डेकवर चटया अंथरून पडलेली. पहिले चार दिवस बोटीवर ओकारी सोडून दुसरा विषय नसे.

माझी गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एक म्हातारे औषधाची बाटली नाकाशी धरून विचारायचे, "ह्यात दारू आहे का?" टिंक्चरमध्ये स्पिरिट असतं. मी खोटं बोललो नाही. त्यांनी बाटली परत केली आणि चार दिवस लिंबू चोखून काढले. दुसऱ्या एकाच्या डोक्यात मोठं गळू झालं होतं. केस काढल्याशिवाय पट्टी बसेना, आणि ते तर मुंबईहूनच इहराममध्ये होते.

इहराम म्हणजे हजचा वेश, आणि हजची अवस्थासुद्धा. पुरुषानं दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं घ्यायची, एक कमरेला, एक अंगावर. डोकं उघडं. बायकांनी आपले साधे कपडे घालायचे, चेहरा मोकळा ठेवायचा. एकदा इहराम बांधला की अत्तर नाही, केस-नखं कापणं नाही, शिकार नाही, भांडण नाही. जीव मारायचा नाही म्हणून एका आजोबांनी मला हाक मारून मानेवर चालणारा ढेकूण दाखवला होता. "मारू नको हां, नुसता बाजूला ठेव." मी तो बाजूला कुठे ठेवला ते त्यांना सांगितलं नाही.

तर त्या गळूवाल्याचे केस काढायचे की नाही यावर डेकवर मोठी चर्चा झाली. शेवटी मुरूडच्या दाऊदमास्तरांनी निकाल दिला. हे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, सडपातळ, चष्म्याला दोरा बांधलेले गृहस्थ. म्हणाले, "आजारपणात मुभा आहे. केस काढा. त्याच्या बदल्यात ह्यांनी तीन रोजे धरावेत किंवा सहा गरिबांना जेवू घालावं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या धर्मात वाट बंद नसते, कंपाउंडर. वळसा असतो."

त्या फेरीत दाऊदमास्तर माझे गुरू झाले. संध्याकाळी दवाखाना आवरला की मी त्यांच्या चटईपाशी जाऊन बसायचो. त्यांच्याबरोबर त्यांची बायको आणि मेहुणी होत्या. मी पहिलाच प्रश्न विचारला, "एवढे हाल सोसून का जायचं, मास्तर?"

"फर्ज आहे म्हणून. जन्मात एकदा. पण कोणावर? ज्याच्यात ऐपत आहे, जीव आहे आणि ज्याला वाट मोकळी आहे, त्याच्यावर. कर्ज काढून जायचं नाही. घरच्यांना उपाशी ठेवून जायचं नाही. अंगात ताकद नसेल तर सक्ती नाही."

हे शेवटचं वाक्य पुढे माझ्या डोक्यात फार दिवस फिरत राहिलं.

त्याच फेरीत हसनचाचा आणि त्यांची बायको रुकय्याबी होत्या. श्रीवर्धनजवळच्या एका खाडीकाठच्या गावची माणसं. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद होतात, म्हणून मे महिन्यातच मुंबईत येऊन मुसाफिरखान्यात राहिलेली. चाचा साठीच्या पुढचे, रुंद खांद्यांचे, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. ते तीस वर्षं परदेशी आगबोटींवर आगवाला होते, म्हणजे बोटीच्या पोटात बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा ओढणारे. बोट लागली तेव्हा हजार माणसांत ते एकटेच असे होते की ज्यांना उलटी झाली नाही.

मी चौलचा हे कळल्यावर ते हसले. "चौल! रेवदंड्याच्या खाडीत आमचं गलबत लागायचं, मी पोरगा असताना. तुमची सुपारी आमच्या सुपारीपरास बारीक."

"श्रीवर्धनची मोठी, मान्य. पण चव आमची," मी म्हणालो.

"अरे, चव काय, दात हायेत तोवर," ते म्हणाले, आणि रुकय्याबी तोंडाला पदर लावून हसल्या. ठेंगण्या, सावळ्या, कायम काहीतरी आवरत असलेल्या. चाचांना 'अवो' म्हणून हाक मारायच्या आणि मला भाऊ म्हणायच्या.

सहाव्या दिवशी, एडन मागे पडायच्या आधी, दुपारी चाचा अर्ध्या दाराशी आले. रांग नव्हती. डॉक्टर वरच्या मजल्यावर जेवायला गेले होते. चाचांच्या कपाळावर घाम होता आणि उजव्या हातानं ते डावा दंड चोळत होते.

"कंपाउंडर, पोटात वारा धरलाय. कायतरी द्या."

"कधीपासून?"

"जिना चढलो की. मग बसलो की जातो."

मी काही डॉक्टर नव्हतो, पण दहा हजार माणसं अर्ध्या दारातून पाहिलेली. हा वारा नव्हता. मी म्हणालो, "चाचा, बसा. साहेब येतील, त्यांना दाखवू."

त्यांनी दाराच्या फळीवर हात ठेवला. "डाक्टर मना खाटेवर टाकील."

"टाकतील. बरं वाटेपर्यंत."

"आनि बोट यलमलमसमोर जाईल तवा मी खाली इस्पितळात. व्हय ना?"

यलमलम हा अरबस्तानच्या किनाऱ्यामागचा एक डोंगर. हिंदुस्थानातून समुद्रानं जाणाऱ्यांची हद्द. त्याच्या समोर यायच्या आधी इहराम बांधलेला असला पाहिजे, त्याशिवाय पुढे जायचं नाही. डोंगर बोटीवरून दिसत नाही. कप्तान नकाशावर बघून भोंगा वाजवतो, आणि हजार माणसं एकदम म्हणायला लागतात, "लब्बैक, अल्लाहुम्म लब्बैक." मी हजर आहे, देवा, मी हजर आहे.

"तीस वरसं मी ह्या पान्यातून गेलो," चाचा म्हणाले. "किती टायमाला गेलो ते मनाच ठावं नाय. दर टायमाला मी खाली. आगीच्या म्होरं. वर कोनीतरी सांगायचा, हसन, आता मक्का उजव्या अंगाला हाय. मी फावडा खाली ठेवायचा, तेवढा. कधी वर येऊन बघितला नाय. आता तिकीट काढून आलोय, आनि तुमी मना परत खालीच टाकताव?"

मी म्हणालो, "मास्तर सांगतात, तब्येत नसेल तर सक्ती नाही. माफ आहे."

"मना माफी नको. मना हज पायजे."

मी त्यांना वाऱ्याचं मिक्श्चर दिलं. पट्टी डकवली. आणि रुग्णांच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे माझ्या हातानं लिहिलं: अपचन.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी वही पाहिली, सही केली. वाईट माणूस नव्हता तो. कडक होता, आणि त्याला कडक असावं लागे. हजार माणसांचा जीव एका डोक्यावर.

तांबड्या समुद्रात शिरलो की वारा पडतो. पाणी तेलासारखं जड दिसतं आणि लोखंडी डेकवर पाय ठेववत नाही. पुढे तीन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला भोंगा झाला. त्याआधीच माणसांनी आंघोळी उरकल्या होत्या. व्यापारी, भंडारी, शेतकरी, एक म्हणे कुठलेसे नबाबही होते. सगळे त्या दोन पांढऱ्या कपड्यांत. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो आणि माझेच रोगी मला ओळखू येईनात. हसनचाचा ओळखू आले ते हातावरच्या डागांमुळे. उजव्या बाजूच्या कठड्याशी उभे होते. तिकडे पाण्याशिवाय काही नव्हतं. ते पाण्याकडे बघून लब्बैक म्हणत होते, आवाज बसेपर्यंत.

रुकय्याबींनी मला नंतर सांगितलं की त्या दिवशी ते जेवले नाहीत. सावलीत या म्हटलं तर आले नाहीत. दुपारच्या नमाजानंतर फल्क्याला, म्हणजे मालाच्या तळघराच्या झाकणाला, पाठ टेकून बसले आणि म्हणाले, पानी दे. पाण्याची टाकी दुसऱ्या टोकाला, तिथे रांग. रुकय्याबी तांब्या घेऊन गेल्या. मध्ये जिना लागत होता, चटया होत्या, माणसं होती. त्या परत आल्या तेव्हा चाचांची मान एका बाजूला झुकली होती.

मला कोणीतरी ओढत नेलं. मी नाडी धरली. डॉक्टर धावत आले, छातीला नळी लावली, काढली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याला आधी काही त्रास होता?"

रुकय्याबी समोर बसल्या होत्या. हातात भरलेला तांब्या तसाच.

मी म्हणालो, "अपचन, साहेब."

चाचांना आंघोळ घातली दाऊदमास्तरांनी आणि दोघा म्हसळ्याच्या माणसांनी. अशा वेळी काय लागतं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. मी भांडारातून कापूर आणि अत्तराची कुपी काढून आणली. मास्तरांनी माझा हात धरला.

"सुगंध नको, कंपाउंडर. इहराममध्ये गेलेत. कफनही दुसरं नको, अंगावरची दोन वस्त्रंच. आणि डोकं झाकायचं नाही."

"का?"

"कियामतच्या दिवशी सगळे उठतील ना, तेव्हा हा माणूस लब्बैक म्हणत उठेल. आहे त्या वेशात."

चाचांनी गावाहून स्वतःसाठी कफन आणलेलं होतं. बरेच जण आणतात, मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून परत न्यायला. ते घडी न मोडता रुकय्याबींच्या गाठोड्यात राहिलं.

जेद्दा दुसऱ्या सकाळी येणार होतं. मी मास्तरांना म्हणालो, जमिनीत पुरता आलं तर बरं. मास्तर कप्तानाकडे गेले, पण त्या उन्हात, आणि बंदराच्या डॉक्टरनं बोटीवर येऊन परवानगी देईपर्यंत किती वेळ जाईल त्याचा भरवसा नसताना, कप्तान तयार होईना. सूर्य मावळायच्या आत जनाज्याची नमाज झाली. पायाशी लोखंड बांधून चाचांना फळीवर ठेवलं. कप्तानानं इंजिन थांबवायला सांगितलं. तीस वर्षं ज्या माणसानं आगबोटींना थांबू दिलं नाही, त्याच्यासाठी एक आगबोट पाच मिनिटं थांबली. मग पाण्याचा आवाज झाला, आणि परत इंजिनाचा.

आता प्रश्न रुकय्याबींचा. बाई एकटी, आणि विधवा झालेल्या बाईनं चार महिने दहा दिवस घर सोडायचं नसतं. उत्तरेकडचे एक मौलवी बोटीवर होते. ते म्हणाले, हिला सोबत जवळचा पुरुष नाही, हिनं ह्याच बोटीनं परत जावं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या पंथात तसंच आहे. पण आमच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान शाफई. मास्तरांनी पुस्तक काढलं, चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला, आणि शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे फर्ज हजला भरवशाच्या बायकांची सोबत चालते. माझी बायको आहे, मेहुणी आहे. शिवाय बाईनं इहराम आधीच बांधलाय. आता ती मागे कशी फिरेल?"

मौलवींनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, "तुमच्या मजहबची गोष्ट तुम्ही जाणता." आणि आपला ताडाच्या पातीचा पंखा रुकय्याबींना पाठवून दिला.

पण खुद्द त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते मास्तरांच्या बायकोनं विचारलं. रुकय्याबी एवढंच म्हणाल्या, "पुडं जाते."

सकाळी जेद्द्याला त्या दोघी बायकांच्या मध्ये जिना उतरताना मी त्यांना पाहिलं. सांगावं असं मनात आलं. पण उतरणाऱ्यांची रेटारेटी होती, आणि खरं सांगायचं तर रेटारेटी नसती तरी मी बोललो नसतो.

रिकामी बोट घेऊन आम्ही मुंबईला आलो. त्या वाटेवर मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी वही उघडून ती नोंद पाहिली. ओरडले नाहीत. म्हणाले, "खाटेवर टाकला असता तर वाचला असता की नाही, मला सांगता येत नाही. पण ते ठरवायचं काम तुझं नव्हतं." पुढचा आठवडाभर माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत.

हाजी आणायला परत गेलो तेव्हा चढणाऱ्या गर्दीत मी एकच चेहरा शोधत होतो. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून अर्ध्या दाराशी आल्या. काळवंडल्या होत्या, वाळल्या होत्या. तळपायांना फोड येऊन फुटले होते. मी त्यांना आत स्टुलावर बसवलं, पाय कोमट पाण्यात ठेवले आणि माझ्या खोडीप्रमाणे विचारलं, "चाची, काय काय केलंत?"

त्या सांगू लागल्या. काब्याला सात फेरे घातले. गर्दीत तिथल्या काळ्या दगडाला हात पोचला नाही, लांबून इशारा केला, तसं चालतं. मग मिना, तिथे तंबू. मग अराफातचं माळरान. मी आजवर जितक्या हाज्यांना विचारलं होतं, अराफातला काय करता, तितक्यांनी एकच उत्तर दिलं होतं: उभे राहतो. माझ्या डोक्यात ते शिरत नसे. सगळ्या हजचं मूळ म्हणे तो एक दिवस, दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत, आणि त्यात करायचं काय, तर उभं राहायचं!

"तुम्हीही उभ्याच राहिलात?"

"व्हय. बसली पन. पाय दुखत व्हते."

"आणि?"

"आनि मी बोलली. अल्लाशी. जा काय कोनाशी बोलली नव्हती तां सगला बोलली. तिथं सगलेच बोलत असतात, भाऊ. कोनी कोनाचा ऐकत नाय, त्यासाठी बरा वाटते."

मग मुजदलिफाला रात्र काढून खडे वेचले. सैतानाच्या खांबांना मारले. एक यवतमाळकडची बाई शेजारच्या तंबूत उन्हानं गेली, तिच्यापाशी कफन नव्हतं. रुकय्याबींनी गाठोडं सोडून चाचांचं दिलं.

मी एक पाय उचलून फडक्यावर घेतला. त्यांनी पदर आवरला. मग म्हणाल्या, "तुमाला सफा-मरवाचा ठावं हाय?"

ठाऊक होतं. दोन टेकड्या. त्यांच्या मध्ये सात वेळा जायचं-यायचं. मास्तरांनी सांगितलं होतं की इब्राहिम पैगंबरांची बायको हाजरा तान्ह्या मुलाला घेऊन त्या वाळवंटात एकटी राहिली. पाणी संपलं. ती ह्या टेकडीवरून त्या टेकडीवर धावत राहिली, कुठे पाणी दिसतं का बघत. शेवटी मुलाच्या पायाशी झरा फुटला, तोच झमझम.

"बाई धावली," रुकय्याबी म्हणाल्या, "आनि आता दुनियेतले सगले बाप्ये तिच्या मागनं धावतात. मना आधी कोनी असा सांगितलाच नव्हता. मी पयला फेरा गेली, दुसरा गेली. तिसऱ्याला मना त्यो तांब्या आठवला. मी पान्याला गेली आनि हे गेले. हाजराला पानी गावला. मना पन गावला व्हता, पन उशीर झाला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या. "सात फेरे केले. मग झमझमवर गेली. पयला पेला हातात घेतला नि मना पियाला व्हईना. तिथं वाळूत वतला, ह्यांच्या नावानं. मग दुसरा प्याली."

माझ्या हातात त्यांचा पाय होता. मी मान वर केली नाही आणि सांगून टाकलं. चाचा आले होते ते, डावा दंड, घाम, मला काय वाटलं ते, वहीत काय लिहिलं ते, आणि त्यांच्या देखत डॉक्टरांशी जे खोटं बोललो तेही.

मी फडक्यानं तळवा टिपत राहिलो.

"भाऊ, मना ठावं व्हता," त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं.

"घरीच. विहिरीवरनं चढन चढताना बसायचे. दोन वरसं. जायच्या आधी डाक्टराचा कागद लागते ना, तवा मीच बोलली, छातीचा काय बोलू नका, कागद देनार नाय तो. मीच बोलली." त्यांनी पाय मागे घेतला, ओल्या फडक्यासकट. "अराफातला मी हाच बोलली. सगला दिवस. पन मास्तरीन सांगते, अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करते, मानसाचा मानसानंच करायचा असते. हे तर गेले. मी कोनाकडं मागू?"

दाऊदमास्तर तिथे असते तर त्यांना ह्यावर वळसा सुचला असता.

मग त्याच म्हणाल्या, "तुमी मना सांगितलाव. मी तुमाला माफ केली. आता तुमी मना करा. ह्यांच्या बाजूनं."

"मी कोण, चाची? मी तर तुमच्या धर्माचाही नाही."

"शेवटी त्यांनी ज्याला सांगितला ते तुमी. बोटीवर मना पन नाय सांगितला, का मी घाबरंन. करा."

मी म्हणालो, "केलं." त्यांनी मान हलवली आणि दुसरा पाय पुढे केला. मी त्यावर मलम लावलं.

मुंबईच्या गोदीत त्यांचा मुलगा युसुफ न्यायला आला होता. तार मिळाली होती. आईला बघून तो तिथेच जमिनीवर बसला. त्या त्याच्या शेजारी बसल्या आणि किती तरी वेळ त्याच्या कानाशी काही सांगत होत्या. काय सांगितलं असेल त्याचा मला अंदाज आहे, कारण उठताना तो माझ्याकडे आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

त्यानंतर मी वहीत खोटं लिहिलं नाही. हे शहाणपण म्हणून सांगत नाही. एका म्हाताऱ्यांना माझ्यामुळे खाटेवर पडावं लागलं. त्यांनी यलमलमचा भोंगा इस्पितळात ऐकला, खाटेवरच इहराम बांधला, आणि मी दिसेन तेव्हा मला शिव्या दिल्या. इहराममध्ये भांडण मना आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली. जेद्द्याला त्यांना खुर्चीत बसवून उतरवलं. परतीच्या बोटीवर ते जिवंत होते आणि तरीही माझ्याशी बोलले नाहीत. हसनचाचांना मी असंच उतरवू शकलो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला नोकरीत विचारला, निवृत्त झाल्यावर चौलच्या वाडीत सुपाऱ्या वेचताना विचारला. उत्तर मिळालेलं नाही.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर एका हंगामात बोट सुटायच्या दिवशी अर्ध्या दाराशी कोणी तरी हाक मारली, "भाऊ!" रुकय्याबी होत्या. केस पांढरे झालेले, मागे युसुफ दोन ट्रंका घेऊन.

मी म्हणालो, "चाची, तुमची हज तर झाली!"

"माजी झाली. ही ह्यांची हाय." मग युसुफनं समजावलं. जो माणूस हज पुरी व्हायच्या आधी गेला, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं करायची असते. पण ज्याची स्वतःची झालीय त्यानंच. युसुफची झाली नव्हती. म्हणून मुलगा आपली करायला निघाला होता, आणि आई बापाची.

"आनि हे लिवा," त्या म्हणाल्या, फळीवर बोट ठेवून. "गुडघे दुखतात. दम लागते. उजव्या डोल्याला दिसत नाय. सगला लिवा नि डाक्टरला दाखवा. लपवायचा नाय."

मी सगळं लिहिलं. नव्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, जायला हरकत नाही म्हणाले. त्या वर्षी हज उन्हाळ्यात होती. समुद्र तळ्यासारखा होता. एडन गेलं, तांबडा समुद्र आला.

भोंग्याच्या सकाळी मी दवाखाना बंद केला, जे मी कधी करत नसे, आणि डेकवर गेलो. रुकय्याबी उजव्या कठड्याशी होत्या. मी दोन पावलं मागे थांबलो. चारी बाजूंनी पुरुषांचे आवाज उठले, त्यात युसुफचाही. बायका हे मोठ्यानं म्हणत नाहीत, आपल्या आपल्याशी म्हणतात. दुसऱ्याच्या वतीनं हज करणाऱ्यानं त्या माणसाचं नाव घ्यायचं असतं. मनात घेतलं तरी चालतं, असं मला युसुफ आदल्या दिवशी म्हणाला होता, कारण आई त्यावरून अडून बसली होती. आमच्या किनाऱ्यावरच्या त्या पिढीच्या बायका, हिंदू काय, मुसलमान काय, नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. लग्नाला पन्नास वर्षं होत आली असती, आणि मी तरी त्यांच्या तोंडून 'हे' आणि 'अवो' यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

त्यांनी कठडा घट्ट धरला. पाण्याकडे बघितलं.

"लब्बैक," त्या म्हणाल्या. थांबल्या. आणि मग स्वच्छ, मला ऐकू येईल इतक्या आवाजात, "हसनच्या वतीनं."